आधी डबा उघडता आला पाहिजे: शाळेच्या खाऊच्या नियमांबद्दल नव्या पालकांसाठी

बालवर्गातली खाऊची सुट्टी पंधरा मिनिटांची. त्यातली तीन-चार मिनिटं हात धुण्याच्या रांगेत जातात, एक-दोन आपली पिशवी कुठल्या खुंटीवर आहे हे आठवण्यात. कुणाची तरी बाटली लवंडते आणि ते पाणी पुसून होईपर्यंत सगळा वर्ग तिकडेच बघत बसतो. प्रत्यक्ष खायला उरतात सात-आठ मिनिटं. बालवर्गाची शिक्षिका म्हणून बरीच वर्षं मी ही सात-आठ मिनिटं बघत आले आहे. मूल नुकतंच शाळेत घातलेल्या आईबाबांना माझं पहिलं सांगणं असतं ते हे, की नियमात बसणारा डबा वेगळा आणि रिकामा होऊन घरी येणारा डबा वेगळा. तुम्हाला दोन्ही एकाच डब्यात जमवायचं आहे. कसं, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: नियमांचा कागद वाचताना त्याचे चार भाग करा

शाळेकडून येणाऱ्या कागदावर सगळे नियम एका दमात लिहिलेले असतात: चॉकलेट नको, शेंगदाणा नको, द्राक्षं कापून द्या, प्लॅस्टिकची वेष्टनं नकोत. वाचणाऱ्याला वाटतं सगळ्यांचं वजन सारखंच. तसं नसतं. यातले काही नियम तब्येतीचे आहेत (साखर, मीठ, तळलेलं), काही ॲलर्जीचे, काही घशात अडकण्याच्या धोक्याचे आणि काही निव्वळ सोयीचे. पहिल्या प्रकारात एखाद्या दिवशी चूक झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्यात एका चुकीने दवाखाना गाठावा लागू शकतो. चौथ्या प्रकारात फार तर मी कपाळाला आठ्या घालते. पेन घ्या आणि ॲलर्जीच्या व घशात अडकण्याच्या नियमांखाली ठळक रेघ ओढा.

आणखी एक घोळ इथेच मिटवून टाका. ‘सरकारने शाळेत अमुक बंद केलंय’ असं आपण ऐकतो. ते कायदे बहुधा शाळा जे विकते किंवा वाढते त्याच्यासाठी असतात. अमेरिकेत २०१४ पासून शाळेत विकायच्या खाऊला मापं लावलेली आहेत: एका खाऊत २०० पेक्षा जास्त कॅलरी नकोत, साखर वजनाच्या ३५ टक्क्यांहून जास्त नको. इंग्लंडमध्ये २०१५ पासून लागू झालेल्या मानकांत शाळेने गोळ्या-चॉकलेट द्यायचंच नाही. चिलीने २०१६ मध्ये जास्त साखर, मीठ, चरबीच्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के छापायला लावले आणि असे शिक्के असलेला माल शाळेत विकायला बंदी केली. भारतात २०२० च्या नियमांनी असे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई केली, तर मेक्सिकोने २०२५ मध्ये शाळांमधून ते हद्दपार केले. घरून नेलेल्या डब्याचा विषय बहुतेक ठिकाणी शाळा स्वतः ठरवते. त्यामुळे शेजारच्या शाळेत चालणारी गोष्ट तुमच्या शाळेत चालेलच असं नाही. वाद घालायला कायद्याचा कागद घेऊन येऊ नका, शाळेचा कागद वाचून या.

दुसरी पायरी: कागदावर नसलेलं विचारून घ्या

सुट्टी किती वाजता आणि किती मिनिटांची? डबे थंड ठेवायची काही सोय आहे का? झाकण उघडून देता का? मुलांना एकमेकांच्या डब्यातलं खाऊ देता का? वर्गात कुणाला कशाची ॲलर्जी आहे? (नाव सांगणार नाहीत आणि सांगूही नये, पदार्थ कळला की पुरे.) वाढदिवसाला खाऊ आणलेला चालतो की पेन्सिल-खोडरबरच चालतं?

आणि एक प्रश्न, जो जवळजवळ कुणी विचारत नाही: उरलेलं परत घरी पाठवता का? काही शाळांत उरलंसुरलं कचऱ्याच्या डब्यात टाकून डबा रिकामा करून देतात. स्वच्छतेच्या दृष्टीने ते बरं वाटतं, पण मग रिकामा डबा बघून तुम्ही खूश, आणि मूल दुपारी दारातच रडतंय, याचा मेळ काही लागत नाही. आमच्याकडे मी हट्टाने उरलेलं परत पाठवते. एक घास खाऊन ठेवलेलं केळं तुम्हाला जे सांगेल ते मूल सांगणार नाही. तुमच्या शाळेत टाकून देत असतील तर निदान पहिला महिना तरी परत पाठवा अशी विनंती करा.

तिसरी पायरी: भुकेचा हिशेब मांडा, मग डबा भरा

लहान मूल मोठ्यांसारखं तीन वेळा जेवून दिवस काढू शकत नाही. पोट लहान, खर्च मोठा. खर्च किती मोठा, याचा अंदाज सहसा येत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की मूल पाच वर्षांच्या आसपास असताना मेंदू सर्वांत जास्त ग्लुकोज खातो; शरीर दिवसभरात जेवढी ऊर्जा वापरतं, तिच्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा एकटा मेंदू घेतो. अक्षर गिरवता गिरवता एकाएकी रडू फुटलेल्या मुलाला मी आता आधी विचारते, ‘काय खाल्लंस सकाळी?’ बऱ्याचदा उत्तरातच कारण असतं.

या वयात दर दोन-तीन तासांनी काहीतरी पोटात जायला हवं. सकाळी साडेसहाला घाईत दोन घास आणि दहाला सुट्टी असेल, तर तो खाऊ म्हणजे चघळायला काहीतरी, असं म्हणून भागत नाही. ते छोटं जेवणच धरा. ‘पौष्टिक’ म्हणून नुसत्या सफरचंदाच्या फोडी दिल्या तर नियम पाळला जातो, पण तासाभरात मूल परत भुकेलं. फळासोबत काहीतरी टिकणारं हवं: उकडलेलं अंडं, दही, चीज, शिजवलेलं कडधान्य, भरड धान्याचा एखादा पदार्थ. प्रथिनं आणि थोडा स्निग्धांश असला की भूक उशिरा लागते. मी पालकांना सांगते, एक गोष्ट रसाची आणि एक दमाची. तिसरी गोष्ट घालायचा मोह टाळा. चार कप्प्यांचा सजवलेला डबा समोर आला की मूल ‘कुठून सुरुवात करू’ यातच तीन मिनिटं घालवतं.

प्रमाण? मुलाच्या मुठीएवढं फळ आणि मुठीएवढंच दुसरं काही, इथून सुरू करा. आठवडाभर डबा चाटूनपुसून येत असेल तर वाढवा.

चौथी पायरी: साखर पाकिटाच्या मागच्या बाजूला बघा

पुढच्या बाजूला हसणारं फळ असतं. मागे घटकांची यादी असते, आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते: जे सर्वांत जास्त ते आधी. पहिल्या तीन नावांत साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, मध, गूळ किंवा फळांच्या रसाचा अर्क दिसला, तर तो पदार्थ खाऊ कमी आणि मिठाई जास्त आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत राहावी आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या. चार-पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १२०० ते १४०० कॅलरी लागतात. गुणाकार-भागाकार केला तर दहा टक्के म्हणजे सुमारे ३० ते ३५ ग्रॅम, पाच टक्के म्हणजे १५ ते १७ ग्रॅम. गोड पेयात १०० मिलीला साधारण १० ग्रॅम साखर असते. २०० मिलीचा छोटा खोका प्यायला की २० ग्रॅम, म्हणजे पाच चमचे, एका सुट्टीत संपले. ‘साखर न घातलेला’ फळांचा रसही याच हिशेबात येतो. फळ पिळलं की त्यातली साखर मोकळी होते, म्हणून संघटना ती मोजते. अख्ख्या फळातली आणि दुधातली मोजत नाही. बहुतेक शाळा ‘फक्त पाणी’ म्हणतात त्यामागे हे आहे, आणि सांडलेला रस पुसणाऱ्या माझ्यासारखीचं सुखही आहेच.

मिठाबद्दल जास्त लिहीत नाही. वेष्टनातला कुरकुरीत खाऊ रोज नको, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

पाचवी पायरी: ॲलर्जीच्या नियमात सूट नाही

‘माझ्या मुलाला काही होत नाही’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण नियम तुमच्या मुलासाठी नसतोच. तो शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यासाठी असतो.

शब्द नीट वाचा. ‘शेंगदाणा नको’ आणि ‘कुठलाही सुकामेवा नको’ या वेगळ्या गोष्टी आहेत. शेंगदाणा जमिनीत येतो, मटार-मसुराच्या कुळातला. बदाम, काजू, अक्रोड झाडावरचे. एखाद्याला एकाचाच त्रास असतो, एखाद्याला दोन्हींचा. बऱ्याच शाळा दोन्ही बंद ठेवतात म्हणजे घोळच नको. लपलेले प्रकारही बघा: चॉकलेटच्या लोण्यात हेझलनट असतं, बिस्किटांत बदामाची पूड, आणि तीळ आता बऱ्याच देशांत पाकिटावर वेगळा छापावा लागतो, कारण त्याचीही तीव्र ॲलर्जी असणारी मुलं आहेत.

सकाळी घरी शेंगदाण्याचं लोणी खाऊन येणाऱ्या मुलांचे हात-तोंड साबणाने धुवून पाठवा. सॅनिटायझरची जेल चोळून शेंगदाण्याचा अंश जात नाही, साबण-पाण्याने जातो. सॅनिटायझर जंतूंवर चालतो, ॲलर्जी करणाऱ्या प्रथिनांवर नाही.

दरवर्षी एखादे बाबा मला सांगतात की लहानपणीच शेंगदाणा खाऊ घातला तर ॲलर्जी होत नाही असं सिद्ध झालंय. बरोबर आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहाशेहून जास्त बाळांवर झालेल्या एका चाचणीत धोका असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा दिल्याने ॲलर्जीचं प्रमाण बरंच घटलं. पण ती बाळं चार ते अकरा महिन्यांची होती आणि सगळं डॉक्टरांच्या देखरेखीत चाललं होतं. ज्याला ॲलर्जी झालेली आहे अशा पाच वर्षांच्या मुलाशेजारी तो प्रयोग करायचा नसतो.

सहावी पायरी: आकार बदला

द्राक्षं आडवी कापू नका, उभी कापा आणि चार भाग करा. आडवं कापलेलं द्राक्ष गोलच राहतं आणि श्वासनलिकेत बुचासारखं बसतं. चेरी टोमॅटोलाही हेच. पॉपकॉर्न, कडक गोळ्या, चीजचे जाड चौकोन, कच्च्या गाजराचे गोल काप लहानांच्या डब्यात नकोत. गाजर किसून किंवा वाफवून द्या. अख्खा सुकामेवा शाळेत चालत असला तरी ब्रिटनची आरोग्यसेवा पाच वर्षांखालच्या मुलांना तो देऊ नका म्हणते, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ चार वर्षांची मर्यादा धरतात. दळून किंवा वाटून दिला तर हरकत नाही.

सातवी पायरी: घरी रंगीत तालीम

ही पायरी सगळे गाळतात, म्हणून जरा सविस्तर.

एका मुलीचा डबा तीन दिवस जसाच्या तसा परत जात होता. आईने पदार्थ बदलून पाहिले, फळ बदलून पाहिलं, शेवटी मला निरोप पाठवला की हिला शाळेत करमत नाही बहुतेक. चौथ्या दिवशी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. डब्याला चारही बाजूंनी खटके. तीन ती उघडायची. चौथ्यासाठी डबा पोटाशी घट्ट धरावा लागे, आणि तसा धरला की आधीच्या तिनांतला एक टक्कन परत बसे. ती पुन्हा तो उघडायची, पुन्हा चौथ्याकडे वळायची. रडणं नाही, बाईंना हाक नाही. थोड्या वेळाने तिने डबा अगदी नीट पिशवीत ठेवला आणि शेजारणीला म्हणाली, ‘माझं पोट भरलं.’ तीन दिवस हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला दिसलं नव्हतं. वर्गात तिच्यासारखी आणखी चोवीस होती, हे कारण आहे, पण मला ते आजही पुरेसं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी साध्या झाकणाचा जुना डबा आला. पदार्थ तोच. संपला.

तर, शाळा सुरू होण्याआधी एका सकाळी मुलाला त्याच डब्यासह जमिनीवर बसवा. हात किंचित ओले करा, कारण हात धुऊन आलेल्या मुलाचे हात ओलेच असतात. आठ मिनिटांचा गजर लावा. तुमचे हात पाठीमागे. झाकण, बाटलीचं बूच, केळ्याचं देठ, अंड्याचं कवच, जे जे त्याला जमत नाही ते घरीच सोडवून द्या: संत्र्याची साल आधी काढा, केळ्याच्या टोकाला चीर द्या, फाडायची पाकिटं पाठवूच नका. सफरचंद अख्खं दिलं तर चार चावे घेऊन ठेवून देतात, फोडी करा. त्या काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू पिळलेल्या पाण्यात बुचकळून घ्या आणि फोडी जवळजवळ दाबून भरा, म्हणजे हवा कमी लागते.

‘मला उघडून द्या’ हे वाक्यही तालमीत घ्या. मोठ्यांना वाटतं, मूल मागेलच की. नव्या जागेत मागत नाही.

आठवी पायरी: सातला भरलेला डबा दहाला उघडतो

५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. शिजवलेलं, दुधाचं, अंड्याचं काहीही या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये असा साधा हिशेब आहे, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. घड्याळ शाळेच्या घंटेपासून नाही, डबा भरल्यापासून मोजा. पाण्याची छोटी बाटली अर्धी गोठवून डब्याला चिकटवून ठेवली की काम होतं आणि सुट्टीपर्यंत प्यायला गार पाणीही मिळतं. गरम पदार्थ वाफ निघून गेल्याशिवाय झाकू नका. थंड ठेवायची सोय नसेल तर दही-अंडी सुट्टीच्या दिवशी घरी, शाळेत फळं आणि कोरडं काही.

डबा परत आला तर

मारून मुटकून खायला घालू नका आणि ‘गाजर संपवलंस तर चॉकलेट’ हा सौदा तर मुळीच नको. लिआन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या खाण्यावर कितीतरी वर्षं काम केलं. बक्षीस म्हणून दिलेला पदार्थ मुलांना आणखी हवासा वाटतो आणि ज्याच्यासाठी बक्षीस लावलं तो नावडता होतो, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसलं. नवीन चव पसंत पडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते, हेही. दोनदा परत आलं म्हणून ‘हा खातच नाही’ असा शिक्का मारू नका. पण हे प्रयोग घरच्या ताटात करा. शाळेच्या डब्यात ओळखीचं द्या, नवीन गोष्ट असलीच तर एखादी फोड.

एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांची वाटणी मला सर्वांत कामाची वाटते: काय, केव्हा, कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने.

घरी ‘वाईट खाऊ’, ‘चांगला खाऊ’ असे शब्द जपून वापरा. वर्गात ते दुसऱ्याच्या डब्यावर येऊन पडतात. ‘तुझा खाऊ वाईट आहे, बाई ओरडतील’ असं एक मूल दुसऱ्याला म्हणालं, की दुसरं झाकण लावून टाकतं आणि उपाशी राहतं. त्यापेक्षा त्या दिवशी केक खाल्लेला मला चालतो. माझ्याच पेशातल्या काही जणी डब्यात चिठ्ठ्या टाकतात किंवा पदार्थ काढून घेतात. मला ते पटत नाही. डबा मुलाने भरलेला नसतो. बोलायचं असेल तर भरणाऱ्याशी बोलावं, शाळा सुटल्यावर, मुलाला बाजूला ठेवून. तुमच्या मुलाच्या बाबतीत असं झालं तर शांतपणे भेट मागा आणि विचारा, ॲलर्जीचा प्रश्न होता का? नसेल तर यापुढे आम्हाला कळवा, डब्याला हात लावू नका.

काही मुलांना नियमातून लेखी सूट लागते. मधुमेह असलेल्या मुलाला साखर उतरली की तिथल्या तिथे गोड द्यावं लागतं, सुट्टीची वाट बघता येत नाही. काही मुलं, विशेषतः स्वमग्न (ऑटिझम असलेली), ठरावीक तीन-चार पदार्थांपलीकडे काही तोंडात घालूच शकत नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन वर्षाच्या सुरुवातीलाच भेटा आणि सूट लेखी घ्या. बदली शिक्षक येतात तेव्हा तोंडी ठरलेलं कुणाला ठाऊक नसतं.

शेवटचं काम छोटं आहे. बऱ्याच वर्गांत कपाटात एक जादा खाऊचा डबा असतो, डबा विसरलेल्यांसाठी आणि सकाळी घरून काहीच न खाता आलेल्यांसाठी. कोण घेतं ते आम्ही वर्गात बोलत नाही. तुमच्या शाळेत असेल तर महिन्यातून एकदा त्यात एक पाकीट टाका: न फोडलेलं आणि घटकांची यादी शाबूत असलेलं. घरी केलेलं नको, कारण त्यात काय आहे हे मला वाचून बघता येत नाही.